श्री. व्याकूळ सुखात आहेत

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर नावांची जी पाटी आहे, तिच्यावर तिसऱ्या मजल्यापुढे ‘श्री. व्याकूळ’ असं लिहिलं आहे. पूर्वी त्याखाली कंसात मूळ आडनावही असायचं. पाटी नव्याने रंगवताना रंगाऱ्याला जागा पुरेना, म्हणून त्याने ते गाळलं आणि कोणाचं काही अडलं नाही. तेव्हापासून गॅसवाला जिन्यातून “व्याकूळ, सिलिंडर!” अशी हाक मारतो, दूधवाल्याच्या वहीत ‘व्याकूळ, गाय, एक लिटर’ अशी नोंद असते आणि खाली क्रिकेट खेळणारी पोरं ओरडतात, “व्याकूळकाका, बॉल द्या ना!” मग व्याकूळकाका गॅलरीत येतात आणि छान हसून बॉल खाली टाकतात. त्यांचं हे हसणं हेच त्यांच्या आयुष्यातलं मोठं संकट आहे.

व्याकूळ गीतकार आहेत. ‘व्याकूळ’ हा त्यांचा तखल्लुस. तरुणपणी ते गझलेकडे वळले तेव्हा बरोबरीच्या मंडळींनी सगळी चांगली दुःखं आधीच घेऊन टाकली होती. एक जण ‘दग्ध’ झाला होता, एक ‘एकाकी’, एक ‘निराधार’. उरलेल्यांतलं त्यातल्या त्यात टिकाऊ म्हणून यांनी ‘व्याकूळ’ निवडलं. ही मंडळी अजून महिन्यातून एकदा ठाण्यात एका ग्रंथालयाच्या सभागृहात मुशायऱ्याला जमतात. मागच्या मुशायऱ्याला ‘एकाकी’ यांच्याबरोबर घरची सात माणसं आली होती. ‘निराधार’ यांचे ठाण्यात दोन आणि बदलापूरला एक असे फ्लॅट आहेत. ‘दग्ध’ यांना तिखट चालत नाही. तरीही माइक हातात आला की प्रत्येकाचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो आणि डोळे सभागृहातल्या कुठल्यातरी बंद पंख्यावर स्थिरावतात. समोरचे “क्या बात है” म्हणतात. मग चहा येतो.

हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. ठाण्या-डोंबिवलीपासून अमरावती-नागपूरपर्यंत तो सर्वत्र आढळतो. त्याचं पहिलं पुस्तक प्रेमभंगावर निघतं आणि दुसरं निघत नाही, कारण मधल्या काळात त्याचं लग्न होतं आणि ते चांगलं निघतं.

व्याकूळांच्या प्रेमभंगाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. तो अस्सल होता. ते तेव्हा नौपाड्यात एका खोलीत भाड्याने राहत. नळ सामायिक, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि जेवण खानावळीचं. जिच्यावर जीव होता, तिने घरच्यांनी ठरवलेल्या एका इंजिनिअरशी लग्न केलं आणि ती वाशीला गेली. आज कुणाला वाशी ऐकून हसू येईल. पण ठाणे-वाशी थेट लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी रेल्वेने जायचं तर ठाण्याहून कुर्ला, कुर्ल्याला पूल चढून हार्बर लाइन आणि मग वाशी. एवढं अंतर विरहाला सहज पुरायचं. त्या कुर्ल्याच्या पुलावर उभं राहून त्यांनी जे लिहिलं, त्यातलं एक गाणं एका मराठी चित्रपटात गेलं आणि गाजलं. अजूनही गणपतीत आमच्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रात ते होतं. वाद्यवृंदातली गायिका त्यातला दुसरा अंतरा गाळते आणि व्याकूळ पहिल्या रांगेत बसून तो मनात पुरा करतात.

मग थेट लोकल सुरू झाली. विरहाचं निम्मं काम रेल्वेने बिघडवलं आणि उरलेलं वहिनींनी.

वहिनी एका सहकारी बँकेत आहेत. त्या लग्न करून आल्या तेव्हा व्याकूळांनी पहिल्याच रात्री त्यांना आपल्या पूर्वायुष्यातली जखम सविस्तर सांगितली. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या वाशीला कोणत्या सेक्टरला असतात?” व्याकूळ सांगतात की त्या क्षणी आपल्या काव्याचा पाया हलला. पण त्यांनी तो हलण्याकडे दुर्लक्ष केलं, कारण वहिनींनी पाठोपाठ विचारलं होतं की सकाळी चहा लागतो की कॉफी, आणि असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता.

पुढचे आघात भराभर होत गेले. सासू-सासरे चांगले निघाले. मुलगी झाली, ती हसरी निघाली. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत टू बीएचके घेतला. कर्ज होतं तोवर थोडी आशा होती, पण वहिनींनी बोनस भरभरून तेही मुदतीआधी फेडलं. त्यात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातलं गाणं वाजलं की गीतकारालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, हे कायद्यात आलं. कुर्ल्याच्या पुलावरचं ते गाणं आता पैसे देऊ लागलं. त्या पैशातून व्याकूळांनी बेडरूमला एसी बसवला. स्वतःच्या विरहाच्या गारव्यात झोपणारा दुसरा गीतकार माझ्या पाहण्यात नाही.

एके संध्याकाळी ते हातात एक पाकीट घेऊन लिफ्टपाशी उभे होते. चेहरा पडलेला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे कोणाचाही पडलेला चेहरा मला पाण्याच्या टाकीशी जोडायची सवय आहे. “काय झालं?” मी विचारलं.

“रिपोर्ट आले, सेक्रेटरीसाहेब.”

“मग?”

“सगळं नॉर्मल,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखर कापला. “शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. कोलेस्टेरॉलसुद्धा! आता लिहू तरी कशावर?”

त्यांचं म्हणणं असं की दुःखाशिवाय गाणं होत नाही. पुरावा म्हणून ते थेट वाल्मीकींकडे जातात. पारध्याने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश वाल्मीकींनी ऐकला आणि काव्य जन्माला आलं. “दोन्ही पक्षी सुखात राहिले असते तर?” ते विचारतात. “वाल्मीकी आंघोळ करून आश्रमात परत गेले असते. संपलं! रामायण नाही.” हे सांगताना आमच्या गच्चीवर कबुतरांची एक जोडी बसलेली असते. ते तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती मला बरी वाटत नाही.

मग त्यांनी दुःख मिळवण्याचे प्रयत्न सुरू केले. पहिला प्रयोग पावसाचा. आषाढातला पाऊस, रात्रीची वेळ, खिडकीत बसायचं, काच थोडी उघडी ठेवायची आणि अंगावर तुषार घ्यायचे. व्याकूळ बसले. पण त्यांची खिडकी सरकत्या काचेची आणि तिला मच्छरजाळी. तुषार जाळीवर अडले. जाळी सरकवली तर आतून लेक म्हणाली, “बाबा, डास येतात!” आणि तिने सगळ्यांसाठी मच्छर मारायची रॅकेट आणली. बापलेकींनी मिळून अकरा वाजेपर्यंत डास मारले. व्याकूळांच्या म्हणण्यानुसार ती त्या पावसाळ्यातली सर्वांत सुंदर रात्र होती आणि म्हणूनच तिच्यावर लिहिण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसरा प्रयोग भांडणाचा. त्यांनी वहिनींना समोर बसवून सांगितलं की संसारात एक दरी पडायला हवी. वहिनी म्हणाल्या, “आत्ता नको, मार्च एंडिंग आहे. एप्रिलमध्ये दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते, तेव्हा भांडू.” शब्दाच्या त्या पक्क्या. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वानऊला त्यांनी पलंगावर पडलेल्या ओल्या टॉवेलचा विषय काढला आणि जे काही ऐकवलं, त्यातलं बरंचसं खालच्या मजल्यापर्यंत पोचलं. विषय तयारीचा नव्हता, कित्येक वर्षं साठलेला होता. व्याकूळ घायाळ होऊन वहीकडे धावले. दुपारपर्यंत भुजंगप्रयातात एक शेर तयार झाला:

न टॉवेल ओला कुणी टाकलेला
तरी दोष माझ्याच माथी कसा हा?

मला त्यांनी तो जिन्यात ऐकवला. मी मात्रा मोजल्या. एकही लघू इकडचा तिकडे नाही, ‘टॉवेल’ असा बसला आहे की जणू ते वृत्त त्याच्यासाठीच जन्माला आलं. पण शेर संपताच व्याकूळ स्वतःच हसायला लागले. वर ते खोटं बोलले होते. टॉवेल त्यांनीच टाकला होता.

तिसरा प्रयोग जुन्या जखमेचा. एका रविवारी ते थेट लोकलने वाशीला गेले. बेत असा की तिच्या इमारतीसमोरच्या झाडाखाली लांबून उभं राहायचं, खिडकीत सावली दिसली तर पाहायची आणि परतायचं. झाडाखाली ते उभे राहिले न राहिले तोच मागून स्कूटर थांबली. स्कूटरवर तो इंजिनिअर. “अहो, तुम्ही ते गाणंवाले ना? मी तुमचा फॅन आहे! आमच्या ऑफिसच्या गॅदरिंगला दरवर्षी तुमचंच गाणं म्हणतो मी.” त्याने हाताला धरून वर नेलं. तिने दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न केला, “एकटेच? वहिनींना का नाही आणलंत?” मग त्या इंजिनिअरने ते गाणं म्हणून दाखवलं. ज्याच्यामुळे ते लिहिलं गेलं तोच माणूस मांडीवर ताल धरून ते डोळे मिटून म्हणत होता, दुसऱ्या अंतऱ्यासकट. त्याचं पाठांतर पक्कं होतं. निघताना तिने मेथीच्या लाडवांचा डबा दिला. रिकामा डबा परत करायच्या निमित्ताने वहिनींनी तिचा नंबर घेतला आणि आता दोघींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात व्याकूळ नाहीत.

खरी पंचाईत कामात झाली. एका तरुण संगीतकाराने त्यांना मालिकेचं शीर्षकगीत दिलं. हल्ली चाल आधी येते आणि शब्द मागून. संगीतकार फोनवर चाल पाठवतो आणि मीटर कळावं म्हणून तिच्यात तोंडाला येतील ते डमी बोल घालतो. या संगीतकाराने बहुधा भाजी निवडता निवडता चाल केली असावी. डमी होते ‘दुधी भोपळा, दुधी भोपळा, शेपू नको गं बाई’. प्रसंग असा की नायिकेला सासरच्यांनी रात्री घराबाहेर काढलं आहे. व्याकूळांनी आठवडाभर खपून मुखडा आणि दोन अंतरे पाठवले. संगीतकाराचा फोन आला.

“दादा, शब्द छान आहेत. पण हिला घराबाहेर काढलंय ना?”

“हो, काढलंय की.”

“मग पहिल्या अंतऱ्यात तिच्या हातात छत्री कशी? दुसऱ्या अंतऱ्यात चांदणं आहे, वारा आहे, रातराणी आहे. दादा, ही बाई फिरायला निघाल्यासारखी वाटतेय.”

व्याकूळ ओशाळले. त्यांना तिला उपाशी ठेववेना. तिच्या पायात चपला नाहीत, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांच्या मनातल्या मनात ती कोपऱ्यावरून रिक्षा करून माहेरी पोचलीसुद्धा होती. शेवटी संगीतकार हळूच म्हणाला, “खरं सांगू का दादा, आमच्या प्रोड्यूसरना ‘शेपू नको गं बाई’ जास्त आर्त वाटलं.”

त्या रात्री गच्चीवर आमची मोठी बैठक झाली. मी सेक्रेटरी असलो तरी वाचणारा माणूस आहे. मी म्हटलं, “व्याकूळ, तुमचा हिशेबच चुकतोय. माडगूळकर घ्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि सुमारे वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, अशी ५६ गाणी झाली. त्यात रामजन्म आहे, वनवास आहे, सीतेचा त्याग आहे. माडगूळकरांच्या घरी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला वनवासाला पाठवत होते की काय?”

“ते माडगूळकर होते,” व्याकूळ म्हणाले.

“बरं, आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं त्यांनी असं लिहिलं की आजही लग्नात ते लावलं तर आधी नवरीचा बाप कोसळतो. सावळाराम स्वतः कधी सासरी गेले होते? उलट ते ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. गटारं, दिवाबत्ती, नळाला पाणी नाही, या तक्रारी ऐकणारा माणूस तो!”

“गटारांच्या तक्रारी म्हणजे दुःखच की,” ते म्हणाले. सेक्रेटरी म्हणून मला ते खोडता आलं नाही.

“शांताबाई शेळके. जन्म इंदापूरचा. इंदापूरला समुद्र नाही. पेशा मराठीच्या प्राध्यापकाचा. तरी कोळीगीतं लिहिली तर होडी हलायला लागते. चित्रपटांसाठी तर त्या काही वेळा डॉ. वसंत अवसरे या नावानेही लिहीत. म्हणजे दुःख तर सोडाच, नावसुद्धा स्वतःचं लागलं नाही! आणि जगदीश खेबुडकर. कोल्हापूरचे शाळामास्तर. १९७२ चा ‘पिंजरा’ आठवा. त्यात एक मास्तर तमाशापायी धुळीला मिळतो. त्याच चित्रपटाच्या लावण्या लिहिणारे मास्तर मात्र जन्मभर लिहीत राहिले आणि तमाशाने त्यांचं काही वाकडं केलं नाही.”

व्याकूळ गप्प झाले. मग त्यांनी एकदम हुकमी पान टाकलं. “बालकवी! अवघं २७ वर्षांचं आयुष्य. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले. पैशाची ओढाताण, घरची ओढाताण. सोसलं की नाही?”

“सोसलं,” मी म्हटलं. “आणि लिहिलं काय? आनंदाचं गाणं! मराठीतला सगळ्यांत मोकळा आनंद ज्याच्या कवितेत आहे, त्याच्या वाट्याला तो फारसा आला नाही. तुमच्या हिशेबाने त्यांनी नुसतं रडायला हवं होतं. आणि याच्या उलट तुम्ही. तुमच्याकडे सगळं आहे, म्हणून तुम्ही रडताय.”

“म्हणजे जगणं आणि गाणं यांचा काही संबंधच नाही?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ घेतली तर तीत काफिया आहे, रदीफ आहे, अलामत आहे. सुखाचं काय करायचं, हे कोणत्या बाराखडीत सापडणार?

उत्तर वहिनींकडे होतं. त्या सुकलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या होत्या आणि चिमटे काढता काढता सगळं ऐकत होत्या.

“यांना दुःख नाही, हा प्रश्नच नाही,” त्या म्हणाल्या. “यांना आता मी आहे, हा प्रश्न आहे.”

आम्ही दोघं दचकलो. व्याकूळ तर उभेच राहिले.

“तसं नव्हे हो. नौपाड्याच्या खोलीत यांच्याशी बोलायला होतं कोण? दिवसभर जे दिसेल, जे खुपेल, ते सगळं वहीत जायचं. आता संध्याकाळी मी दारात चपला काढते तोवर यांचं सुरू होतं. बसमध्ये कोण भांडलं, समोरच्या कंडक्टरच्या शर्टाला कसं एकच निळं बटण होतं, वॉचमनच्या पोरीने पाटीवर पहिल्यांदा नाव कसं उलटं लिहिलं. ऐकायला छान वाटतं, मी ऐकते. रात्री दहापर्यंत सगळं सांगून होतं. साडेदहाला हे वही घेऊन बसतात आणि म्हणतात, आत काही नाही. असणार कसं? सगळं मला दिलंत ना!”

मला बँकेत ठेव ठेवणाऱ्यांचा हेवा वाटला. अशी बाई हिशेब तपासायला असेल तर पैसा कुठे जाईल?

वहिनींनी तिथल्या तिथे नियम काढला. व्याकूळांनी त्यांना दिवसातलं काहीही सांगायचं नाही. भाजी, पाणी, मुलीची फी एवढंच बोलायचं. बाकी जे काही असेल ते वहीत लिहायचं. गाणं झालं की गाणं ऐकवायचं. गाण्याच्या आधी एक शब्दही ऐकून घेतला जाणार नाही.

पुढचे काही दिवस व्याकूळांची अवस्था पाहवत नव्हती. निळ्या बटणासारखं काहीतरी पाहून घरी यायचं आणि गप्प बसायचं! जेवताना ते तोंड उघडत आणि वहिनी नुसतं बोट वर करत. लेक टाळ्या वाजवी. शेवटी ते माझ्याकडे आले. “सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला सांगू का?” पण वहिनींनी मलाही नोटीस दिली होती. मी कानावर हात ठेवले. व्याकूळ खऱ्या अर्थाने व्याकूळ झालेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

आणि गाणी यायला लागली. पण सोपी नव्हती. याचं कारण त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं आणि ते मला पटलं. विरहाचं गाणं लिहिताना निम्मं काम ऐकणारा करतो. तुम्ही नुसती रिकामी खुर्ची म्हटलीत की तो आपलं माणूस तिच्यावर बसवून मोकळा होतो आणि डोळे पुसतो. सुखाचं तसं नाही. ‘मी सुखात आहे’ असं म्हटलं की ऐकणारा म्हणतो, बरं मग, पुढे? तो आपलं काही घालत नाही, उलट थोडा संशयाने पाहतो. त्याला पटवायचं तर बारीकसारीक खरं सांगावं लागतं. चांदणं, रातराणी असला भाडोत्री माल चालत नाही. नेमकं काय दिसलं, नेमका कोणता आवाज आला, ते हवं. “दुःखात ढोबळ लिहून वीस वर्षं निभावलं,” व्याकूळ म्हणाले, “आणि सुखाने मला पहिल्यांदा मेहनत करायला लावली.” हे बोलताना त्यांचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली आला नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मुशायऱ्यात त्यांनी जे गाणं वाचलं, ते एका चपलेविषयी होतं. बायको संध्याकाळी घरी येते आणि दाराबाहेर चपला काढते. आधी डावी पडली तर दिवस बरा गेला. आधी उजवी पडली, तीही जरा जोरात, तर साहेब आज काहीतरी बोललेला आहे. नवरा आत बसून त्या दोन आवाजांवरून ठरवतो की चहात आलं किती घालायचं. बस, इतकंच. ना वियोग, ना आसवं. वहिनींना हे पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं आपल्या चपलांकडे कोणी कान लावून बसतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

सभागृहात कोणी “क्या बात है” म्हटलं नाही. ‘दग्ध’ यांना हा विश्वासघात वाटला आणि तो त्यांनी चहाच्या टेबलावर बोलूनही दाखवला. ‘निराधार’ यांनी विचारलं की चपला कुठून घेतल्या. ‘एकाकी’ मात्र सातही माणसांच्या देखत रडले. मग वहिनींना बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात चौकशी केली, “घरी सगळं ठीक आहे ना? एवढं लिहिलंय म्हणजे काहीतरी मोठं झालेलं दिसतंय.”

“मोठं काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “आलं महाग झालंय.”

त्या मालिकेचं गाणंही व्याकूळांनी पुन्हा लिहून दिलं. नायिकेला बाहेर काढलेलं आहेच, पण या वेळी तिच्या हातात छत्री नाही. तिच्या हातात सासऱ्याच्या औषधांची चिठ्ठी आहे, कारण तिला बाहेर काढलं तेव्हा ती औषधं आणायलाच निघाली होती. आता ती आणायची की नाही, हे तिला ठरवता येत नाहीये. संगीतकाराने फोन केला तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “दादा, हे कुठून सुचलं?” व्याकूळांनी खरं ते सांगितलं. त्यांच्या खिशात सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी होती. सासरे आमच्याच सोसायटीत राहायला आले आहेत आणि जावयाबरोबर रोज संध्याकाळी कॅरम खेळतात.

सगळं सुरळीत चाललं आहे, असं मी समजून होतो. पण परवा वहिनी सोसायटीच्या ऑफिसात आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर लेखी तक्रार ठेवली. एकच ओळ: ‘हे मला काही सांगत नाहीत.’ खाली सही. मी म्हटलं, “वहिनी, हा तर तुमचाच नियम.”

“नियम माझाच,” त्या म्हणाल्या. “पण पार्किंगमध्ये कोणाची गाडी ठोकली, देशपांड्यांच्या मुलीचं कुठे जमलं, हे सगळ्या बिल्डिंगला त्याच दिवशी कळतं. मला कळतं महिन्याने, तेही चालीत. मुखड्यात निम्मं असतं. पुढे काय झालं विचारलं की म्हणतात, अंतऱ्यात येईल, थांब. आणि जे येतं ते सगळं खरं असतं असंही नाही. परवाच्या गाण्यात मला भांडून माहेरी पाठवलंय. मी कुठेही गेले नव्हते, घरात पोळ्या करत होते. विचारलं का, तर म्हणे ‘बाहेरी’ला यमक सापडत नव्हतं.”